पाठ टेकली हे कोणी ठरवायचं?

चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला हिंजवडी आणि वाकड या दोन गावांच्या म्हातोबाची यात्रा भरते. बगाड निघतं, आणि मुळशीतल्या बहुतेक यात्रांप्रमाणे इथेही कुस्तीचा फड देवाच्या कामाइतकाच महत्त्वाचा मानला जातो. आयटी पार्क येण्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यात तालमी होत्या. त्या तालमींतल्या वस्तादांचं एक ठाम मत आजही फडाच्या कडेला ऐकायला मिळतं: खरी कुस्ती म्हणजे निकाली कुस्ती. पाठ मातीला लागली की संपलं; त्याला ना गुण लागतात, ना पंचाचं मत. गुणांवर निकाल देणं हा मॅटबरोबर आलेला शहरी प्रकार, त्यातूनच सगळे वाद निघतात, असं या मताचं पुढचं टोक. दुसऱ्या टोकाला फिगर स्केटिंगसारखा खेळ आहे. तिथे प्रतिस्पर्धी समोर नसतोच. बर्फावर एकटा खेळाडू किंवा एक जोडी, आणि कडेला ओळीने बसलेले परीक्षक. तिथला प्रत्येक निकाल हा शंभर टक्के कुणाचं तरी मत असतो. या दोन टोकांच्या मध्ये उभं राहून पाहिलं तर एक गोष्ट दिसते, आणि तीच इथे मांडायची आहे. श्रेष्ठ खेळाडू आपोआप दाखवून देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. कुणाला तरी निवाडा करावाच लागतो. तो कधी आधी होतो, कधी नंतर, कधी उघड्यावर, कधी झाकून. आणि पद्धत न्याय्य आहे की नाही हे त्यावरच ठरतं.

आधी निकाली कुस्तीच घेऊ, कारण तिच्याविषयीचा विश्वास सर्वांत पक्का आहे. यात्रेच्या फडात कोण कोणाशी लढणार हे ठरवतो कोण? गावचे पंच आणि जुने पैलवान. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग पैलवान आखाड्यात फिरतात आणि पंच जोड लावतात: अंगकाठी पाहून, तालीम कोणती ते विचारून, मागच्या यात्रेत काय झालं ते आठवून. इनाम किती, कुस्ती कितव्या क्रमांकाची, शेवटची मानाची कुस्ती कोणाची, हे सारं माती अंगाला लागण्याआधी ठरलेलं असतं. तगड्या गड्याला हलका जोड दिला तर निकाल लागतो आणि हलगीही कडाडते, पण त्यातून श्रेष्ठत्व काय सिद्ध होतं? तोडीस तोड जोड लागला की कुस्ती लांबते, लोक कंटाळतात, आणि पंच ‘बरोबरीत सोडवली’ म्हणून दोघांचे हात वर करतात. म्हणजे निवाडा इथेही दोनदा होतो, जोड लावताना एकदा आणि कुस्ती सोडवताना एकदा. मधला चितपटीचा क्षण तेवढा लख्ख असतो म्हणून अलीकडचा-पलीकडचा निवाडा आपल्या लक्षात येत नाही. जोड लावणारा पंच स्वतःच्या गावच्या पैलवानाला सांभाळून घेतो ही तक्रार काही नवी नाही, फक्त तिला गुणफलक नसल्यामुळे पुरावा नसतो.

पाठ लागेपर्यंत लढायचं, या नियमाची जगभर गाजलेली कसोटी १९१० साली लंडनमध्ये झाली. १० सप्टेंबरला गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को समोरासमोर आले. झ्बिस्को थोड्याच वेळात मॅटवर पालथा पडला आणि अडीच तासांहून अधिक काळ तसाच चिकटून राहिला. गामाने पुष्कळ उलथवलं, पण दोन्ही खांदे काही लागले नाहीत, आणि कुस्ती बरोबरीत जाहीर झाली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं तेव्हा झ्बिस्को फिरकलाच नाही, म्हणून गामाला विजयी ठरवलं. १९२८ मध्ये पतियाळात हे दोघे पुन्हा लढले आणि गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. लंडनच्या मैदानावर बसलेल्या कोणालाही कोण वरचढ आहे याविषयी शंका नव्हती. शंका होती ती नियमाला, कारण त्या नियमाच्या भाषेत वरचढपणा मोजायला जागाच नव्हती. जो लढला आणि जो नुसता टिकून राहिला, त्या दोघांना त्याने एकाच तागडीत तोललं. ताब्याला, आक्रमकतेला, धोक्याच्या स्थितीला गुण देण्याची पद्धत रुजली ती अशाच कुस्त्यांच्या कंटाळ्यातून. गुणांना खेळाचा भ्रष्टाचार म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

मुळशीचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली उभी राहिली ती मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने, आणि मामासाहेब मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचे. ज्या ‘महाराष्ट्र केसरी’च्या गदेसाठी पैलवान वर्षभर रक्त आटवतात ती त्यांच्याच नावाने दिली जाते. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. परिषदेने केलेलं काम असं की गावोगावच्या फडांवर विखुरलेली कीर्ती एका तालिकेत आणली: वजनगट, जिल्हा निवड, गादी आणि माती असे दोन विभाग, आणि दोन विभागांच्या विजेत्यांत शेवटची लढत. जोड लावण्याचा अधिकार पंचाच्या नजरेकडून सोडतीकडे आणि तक्त्याकडे गेला. हा बदल छोटा नव्हता. फडातल्या निवाड्याचा पहिला आणि सर्वांत अपारदर्शक भाग त्याने काढून टाकला. त्याबदल्यात दुसरा भाग, म्हणजे कुस्ती चालू असतानाचा निवाडा, जास्त ठळक आणि जास्त वादग्रस्त झाला.

हा वाद किती महागात पडू शकतो हे खाशाबा जाधवांच्या चरित्रात दिसतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरच्या नियमांशी नवखा असूनही सहावा आला. १९५२ च्या निवडीच्या वेळी मद्रासला निरंजन दासविरुद्ध आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितल्यावर पुन्हा लढत झाली, खाशाबांनी ती जिंकली, हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. इथे दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक गुण कमी देता आला, कारण गुण होते, हे खरं. पण एका गुणाचा फरक आहे हे दाखवता आलं आणि त्यावर दाद मागता आली, तीही गुण होते म्हणूनच. जोड चुकीचा लावला म्हणून कोणत्या महाराजांकडे गेलं असतं कोणी?

अलीकडच्या दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धांनी तर हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तपासून दिला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत ‘बाहेरची टांग’ या डावाला चार गुण दिले गेले. ते चार की दोन, यावर राज्यभर मोबाइलच्या पडद्यावर चित्रफीत थांबवून थांबवून वाद झाला. प्रतिस्पर्धी धोक्याच्या स्थितीत गेला की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्यावरून पंचाला फोनवर धमकी देण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा जुन्या मताचे लोक म्हणाले, बघा, गुणांनी घात केला, निकाली असती तर प्रश्नच नव्हता. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची कुस्ती झाली. पृथ्वीराजही मुठ्याचाच. पंचांनी राक्षेला चितपट घोषित केलं. राक्षेचं म्हणणं असं की दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. संतापाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली. शेवटच्या लढतीत महेंद्र गायकवाड गुणावरून वाद घालत काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला, पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला, आणि राक्षे व गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाच्या अंगावर हात किंवा पाय टाकण्याचं समर्थन होऊच शकत नाही, ते बाजूला ठेवू. मुद्दा असा की राक्षेचा वाद गुणांवर नव्हता. ज्याला पंचाची गरजच नाही असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं त्या चितपटीवरच तो झाला. खांदे टेकले की नाही, टेकले तर पुरेसा वेळ टेकले का, हेसुद्धा शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहायचं असतं.

आता बर्फाकडे वळू. फिगर स्केटिंगमध्ये विसाव्या शतकभर सहा गुणांची पद्धत होती. प्रत्येक परीक्षक तंत्राला आणि सादरीकरणाला सहापैकी गुण द्यायचा, पण ते गुण थेट मोजले जात नसत. त्यांचा उपयोग त्या परीक्षकापुरता क्रम लावण्यासाठी. निकाल लागायचा क्रमांच्या बहुमतावर. याचे विचित्र परिणाम व्हायचे. १९९५ च्या जागतिक स्पर्धेत निकोल बोबेक ही सुर्या बोनालीच्या पुढे होती. मग मिशेल क्वान येऊन खेळली, स्वतः चौथी आली, आणि तिच्या येण्याने पुढच्या दोघींची अदलाबदल होऊन बोनाली वर गेली. दोघींपैकी एकीनेही त्यादरम्यान बर्फावर पाऊल टाकलं नव्हतं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये नऊपैकी पाच परीक्षकांनी रशियाच्या बेरेझनाया–सिखारुलिद्झे जोडीला कॅनडाच्या साले–पेल्तिए जोडीच्या वर ठेवलं. फ्रेंच परीक्षक महिलेवर दबाव होता असं बाहेर आलं, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं, आणि ती परीक्षक व तिच्या देशाच्या महासंघाचा अध्यक्ष दोघेही तीन वर्षांसाठी निलंबित झाले. त्यानंतर २००४ मध्ये नवी पद्धत आली. प्रत्येक उडीला, गिरकीला ठरावीक मूल्य: साडेतीन फेऱ्यांची अ‍ॅक्सेल उडी आज ८ गुणांची, चार फेऱ्यांची लुट्झ साडेअकराची. त्यावर परीक्षक उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी लावतात, सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे गुण वगळून सरासरी काढतात, आणि सादरीकरणाचे गुण वेगळे.

नव्या पद्धतीने हिशेब स्वच्छ केला यात वाद नाही. पण तिने ‘सर्वोत्तम’ शोधला का? इथे इतिहास सावध करतो. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ट्रिक्सी शुबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी होती, तरी सुवर्णपदक तिला मिळालं, कारण तेव्हा बर्फावर आखीव आकृत्या बिनचूक गिरवण्याला निम्मं वजन होतं आणि त्यात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आलेली जॅनेट लिन तिसरी राहिली. टीव्हीवर पाहणाऱ्यांना हा निकाल कळेना. पुढच्याच वर्षी आकृत्यांचं वजन घटवलं, आणि १९९० नंतर त्या जागतिक स्पर्धेतून गेल्याच. शुबा कमी दर्जाची खेळाडू नव्हती. ‘चांगलं स्केटिंग’ याचा अर्थच मागाहून बदलला. २०१८ साली प्योंगचांगला अलिना झागितोवाने मुक्त सादरीकरणातल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण उत्तरार्धातल्या उडीला दहा टक्के जास्त मूल्य होतं. प्रतिस्पर्धी मेदवेदेवाला तिने एकूण १.३१ गुणांनी मागे टाकलं. मुक्त सादरीकरणात दोघींना अगदी सारखे १५६.६५ गुण होते. त्या उन्हाळ्यातच नियम बदलून ही सवलत शेवटच्या मोजक्या उड्यांपुरती ठेवली. झागितोवाने काहीही गैर केलं नाही. तिने आणि तिच्या प्रशिक्षकांनी तक्ता वाचला आणि त्याप्रमाणे खेळ बांधला. कोणतीही गुणपद्धती आधी तक्ता करते आणि मग त्या तक्त्याला साजेसे खेळाडू घडवते; ती नुसती बाजूला बसून मोजत असते हा आपला भ्रम.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कुस्तीत दोन माणसं एकमेकांवर बळ लावतात, स्केटिंग हे प्रदर्शन. दोहोंची तुलना कशाला? याचं उत्तर आपल्याच मातीत आहे, आणि ते म्हणजे मल्लखांब. नावातच मल्ल आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख येतो, आणि पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असं परंपरा सांगते. मूळ हेतू एकच होता: पैलवानाची पकड, लवचीकपणा आणि दम वाढवणं. म्हणजे मल्लखांब कोणाचा चांगला, याची परीक्षा खांबावर व्हायचीच नाही. ती आखाड्यात, समोरच्या माणसाच्या पाठीवर व्हायची. पुढे ही मेहनत स्वतंत्र कला झाली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला प्रात्यक्षिकं दाखवून आलं, दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी मुंबईत पिढ्या तयार केल्या. १९८१ मध्ये उज्जैनला अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा झाली, नियम लिहिले गेले, महासंघ आला, आणि २०१९ साली शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. आता एरंडेल लावलेल्या खांबावर अढी, दसरंग, फिरकी, वरचा तोल, उडी यांना अवघडपणाप्रमाणे आणि सफाईप्रमाणे गुण मिळतात. एकाच कसबाची परीक्षा एकेकाळी प्रतिस्पर्ध्याच्या पाठीने घेतली, आज परीक्षकांच्या लेखणीने घेतली जाते. यातली कोणती परीक्षा खरी? दोन्ही खऱ्या आहेत, दोन वेगळ्या गोष्टींच्या. खांबावरचा आजचा विजेता कदाचित आखाड्यात पहिल्याच डावात पडेल, आणि म्हणून तो खोटा विजेता ठरत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग गुण आणखी बारीक करा, मत कमी करा, यंत्र आणा, की न्याय होईल. बारीक आकड्यांचा हा मोह कुस्तीने एकदा भोगला आहे. २००५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय महासंघाने कुस्ती तीन फेऱ्यांत विभागली. ज्या फेरीत गुणच झाले नाहीत तिथे पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळे, आणि बहुतेक वेळा तोच फेरी जिंके. पंचाचं मत यात शून्य. नियम सर्वांना सारखा. आणि निकाल मात्र चेंडूचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला ऑलिंपिकच्या मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा महासंघाला जाग आली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण हे नियम आले, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत घेतली गेली. मत काढून टाकलं की न्याय उरतो असं नाही. कधीकधी नुसती सोडत उरते.

हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आयटी उद्योगात वर्षानुवर्षं चाललेला ‘बेल कर्व्ह’ म्हणजे जवळपास सहा गुणांची जुनी पद्धतच: कामाचं मोल थेट न मोजता चमूत क्रम लावायचा, आणि शेवटून काही जणांना ठरवून खाली बसवायचं. शेजारच्या टेबलावर कोण आलं यावर आपली श्रेणी बदलते, जशी क्वानच्या येण्याने बोबेकची बदलली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही पद्धत सोडली आणि पुढे आपल्याकडच्या कंपन्यांनीही तिच्यापासून अंतर घेतलं. अर्थात त्यामुळे साहेबाचं मत संपलं नाही, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मत टळत नसेल तर उरतं काय? मत देणारा कोण आणि तो उत्तर देतो का, हे पाहणं. याबाबतीत स्केटिंगने केलेली चूक फार शिकवणारी आहे. २००२ च्या प्रकरणानंतर परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून कोणी किती गुण दिले हेच लपवलं गेलं. हेतू चांगला होता. डार्टमाउथचे अर्थतज्ज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी आकडे तपासले तेव्हा आपल्या देशाच्या खेळाडूला झुकतं माप देण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. उलट वाढल्याचीच चिन्हं होती. २०१६ मध्ये स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हा पडदा काढला. पंचाचं संरक्षण आणि पंचाचं लपणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धमकीपासून त्याला पोलिसांनी वाचवावं. प्रश्नापासून कोणी वाचवू नये. कुस्तीत आता व्हिडिओ तपासणीची मागणी करता येते, आणि ती फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, म्हणून ती उगाच कोणी करत नाही. ही सोय चांगली, पण ती कॅमेऱ्याच्या कोनाइतकीच चांगली, आणि तपासणारी माणसं बंद ओठांनी निकाल देणार असतील तर प्रेक्षकाला कळत काहीच नाही.

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं, हिंजवडीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे आणि राज्यभर जो कोणी महाराष्ट्र केसरी भरवील, त्याने एवढं करावं: वादग्रस्त प्रत्येक निकालाची चित्रफीत, रेफ्री, जज आणि मॅट चेअरमन यांची नावं, आणि कोणत्या नियमाने किती गुण दिले याची दोन ओळींची लेखी कारणं त्याच संध्याकाळी प्रसिद्ध करावीत. आणि मुळशीतल्या यात्रा समित्यांनी मोठ्या इनामाच्या जोड्या आदल्या दिवशी, कारणांसह, गावासमोर जाहीर कराव्यात.